सोवळ्यातला फोन

बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स होऊन मी दोन वर्षं घरी होतो, पण बेकार होतो असं कोणी म्हणू नये. मी आमच्या घरातली वायर होतो.

कुंभकोणममधल्या आमच्या गल्लीतली घरं पडवळासारखी. रुंदी चौदा फूट, लांबी एकशे दहा. रस्त्याकडून निघालं की आधी ओटी, मग कूडम म्हणजे मधलं मोठं दालन, त्याला लागून देवघर, मग स्वयंपाकघर, मग विहीर, मग गोठा. गोठ्यापर्यंत पोचलेल्या माणसाला आपण कशासाठी निघालो होतो ते आठवत नाही. फोन ओटीवर होता, कारण लाइनमनकडची वायर तिथे संपली. अम्मा स्वयंपाकघरात होती, कारण ती कायमच तिथे होती. मध्ये साठ फूट. आणि दर रविवारी सकाळी नऊ वाजता पुण्याहून अक्काचा फोन यायचा.

नऊ वाजता अम्मा सोवळ्यात असायची. पहाटे आंघोळ करून, कोणाचा हात लागू नये म्हणून उंच काठीवर वाळवलेलं लुगडं नेसायचं, आणि देवाचा नैवेद्य होऊन आमची जेवणं उरकेपर्यंत कोणाला शिवायचं नाही. माणूस, मांजर, वर्तमानपत्र आणि टेलिफोन हे सगळे तिच्या लेखी एकाच पंक्तीला बसलेले.

"मग नऊ वाजता कसाला करते ती? दुपारी कर म्हणावं," असं अप्पा दर महिन्याला एकदा म्हणायचे. कसाला ते त्यांनाही माहीत होतं. अक्काच्या सासऱ्यांनी फोनच्या डायलला कुलूप लावलं होतं आणि किल्ली जानव्याला बांधली होती. ते कुलूप रविवारी नऊ ते सव्वानऊ उघडायचं. आमच्या फोनवरून बाहेरगावचा नंबर लागत नव्हता. त्या सोयीसाठीचा अर्ज चार वर्षं कुठल्या तरी टेबलावर तपश्चर्या करत होता. मुली आमच्याकडून पुण्याला जातात आणि परत येत नाहीत. फोनचं बरोबर उलटं होतं. एकदा मी अम्माला दुपारी चौकातल्या एसटीडी बूथमध्ये नेलं. काचेच्या खोलीत ती अर्धा तास रिसीव्हर धरून उभी राहिली आणि पलीकडे घंटी वाजत राहिली. पुण्यात दुपारी फोन उचलत नाहीत, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

तर मी वायर. अक्का बोलायची, मी आत धावायचो. अम्मा बोलायची, मी बाहेर धावायचो. त्यामुळे आमच्या घरातले सगळे निरोप, अगदी "इकडे सगळं निवांत अहे" हासुद्धा, धापा टाकत पोचायचे. अक्का पहिल्या दिवाळीला येऊन गेली, त्याला अडीच वर्षं झाली होती. अडीच वर्षं अम्मा आपल्या मुलीचा आवाज माझ्या आवाजात ऐकत होती, आणि माझ्या आवाजाला मिशा होत्या.

चौऱ्याण्णव साली अक्काला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं काही नव्हतं. अम्माने जुनी मऊ लुगडी फाडून दुपटी केली, ओवा निवडून ठेवला, लसणाची माळ टांगली. सातव्या महिन्यात आणायचं ठरलं होतं. मग एका रविवारी अक्काचा फोन आला, तो रडतच आला.

"बाळाची वार खाली अहे म्हणाले रे डॉक्टर. खाटेवरून उठायचं पण नाही. रेल्वे तर नाहीच नाही. अम्माला सांग, मी येत नाही म्हणून. सांग, मला यायचंच होतं म्हणून."

मी आत निघालो. साठ फुटांत माणूस पुष्कळ विचार करू शकतो. माझ्यासारखा माणूस पुष्कळ चुकीचा विचार करू शकतो.

"काय म्हणते?" अम्माने विचारलं.

"डॉक्टरनी प्रवास नको म्हटलंय. बाळंतपण तिथंच."

अम्माच्या हातातला झारा थांबला. "रडत अहे का?"

"नाही. सर्दी झालीय."

अम्माने कढई खाली उतरवली. मग म्हणाली, "मिऱ्याचा कषाय घे म्हणावं. गूळ घालून."

मी परत साठ फूट धावलो आणि हुंदके देणाऱ्या अक्काला मिऱ्याचा काढा सांगितला. "आणि काय म्हणाली अम्मा?" तिने विचारलं. मी म्हटलं, "गूळ घालून."

अम्माने पुण्याला जावं, तर अप्पांचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. कावेरीच्या घाटावर ते एका परक्या गृहस्थाला "जपून, पाय घसरेल" असं सांगत होते आणि सांगता सांगता स्वतः सहा पायऱ्या उतरले, एकदम. गृहस्थ ठणठणीत होता. अप्पा कूडममध्ये आरामखुर्चीत बसून होते आणि त्यांना खाऊ घालायला, उठवायला, आणि त्यांचं ऐकायला कोणीतरी लागत होतं. पहिल्या दोन गोष्टी मी करू शकलो असतो.

आठव्या महिन्यातल्या एका रविवारी अक्काने गाण्याची मागणी केली. आमच्या घरात बाळाला पाळण्यात घालताना म्हणायचं एक गाणं आहे, अकरा कडव्यांचं. अम्माला तिच्या आईकडून आलेलं.

निज निज बाळे, कावेरी निजली,
घाटाची पायरी पाण्यांत भिजली.

"मला सातापर्यंत येतं," अक्का म्हणाली. "पुढची चार सांग. बारशाला इकडच्या बायका त्यांचं म्हणतील. मी बोलले की हसतात रे सगळ्या. 'अहे' म्हटलं की हसतात, 'कसाला' म्हटलं की हसतात. सासूबाई म्हणतात, हिची भाषा पेशव्यांच्या अगोदर सुटलेल्या गाडीनं आलीय. असू दे. पाळण्यात तरी माझं पोर माझ्या घरचं ऐकू दे."

सोपं काम. मी वही घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसलो. "अम्मा, आठवं कडवं सांग."

अम्माने तोंड उघडलं आणि मिटलं. "असं नाही येत रे."

"मग कसं येतं?"

"रगडताना येतं."

हे खरं होतं. अम्मा इडलीचं पीठ दगडी रगड्यावर वाटायची. विजेचा ग्राइंडर आणू म्हटलं, तर त्याच्या आत चामड्याचा पट्टा असतो असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. रगड्याचा दगड फिरायला लागला की गाणं सुरू व्हायचं, दगड थांबला की थांबायचं, आणि मध्येच थांबलं तर पुन्हा पहिल्या कडव्यापासून. मी रगडताना ऐकून लिहून घेतलं. शब्द लिहिता आले. चाल मी तोंडात धरून ओटीकडे धावलो, पण ती कूडममध्येच कुठेतरी सांडली. फोनवर मी जे म्हटलं ते ऐकून अक्का बऱ्याच दिवसांनी हसली. मग हसू थांबलं आणि ती म्हणाली, "राहू दे रे. तिचा आवाज कसा अहे, तेच आठवत नाही झालंय मला."

हा निरोप मी आत नेलाच नाही.

आठवड्याभरात सिंगापूरहून व्यंकोजीमामा आला, अम्माचा धाकटा भाऊ. तो जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. दर वेळी तो अशी वस्तू आणायचा की तिचा उपयोग काय हे तो पुन्हा जहाजावर चढल्यावर आम्हाला कळायचं. या वेळी त्याने कॉर्डलेस फोन आणला. एक बेस, म्हणजे भिंतीतल्या वायरीला जोडायची बैठक. आणि एक हँडसेट, जो वायरीशिवाय घरभर न्यायचा. अप्पांनी माहितीपुस्तक वाचायला घेतलं, कारण पाय प्लॅस्टरमध्ये असला तरी डोळे मोकळे होते.

"शंभर मीटर चालतो," ते म्हणाले. "उघड्या जागेत."

आमच्या घरात उघडी जागा एकच, विहिरीवरची, आणि ती आभाळाकडे उघडी होती.

मी बेस ओटीवर लावला, हँडसेट कानाला लावला आणि डायल टोन ऐकत घरातून चालायला लागलो. आवाज स्वच्छ तिथे खडूने जमिनीवर गोल, खरखर तिथे फुली. कूडममधल्या झोपाळ्यापर्यंत गोल होते, पुढे फुल्या. मी तीन वर्षं शिकलेलं सगळं शास्त्र त्या फरशीवर उतरलं. सकाळी उठून बघतो तर अम्माने माझे गोल आणि फुल्या जोडून सुंदर कोलम काढला होता. "अर्धवट रांगोळी टाकू नये," ती म्हणाली.

तरी एक गोष्ट कळली. बेस घराच्या मध्यावर हवा. आणि घराच्या मध्यावर देवघर होतं.

त्यासाठी वैद्यनाथशास्त्र्यांना बोलवावं लागलं. ते आमचे उपाध्याय, वय ऐंशी, आणि त्यांच्या परवानगीशिवाय आमच्या देवघरात झुरळसुद्धा राहत नसे. त्यांनी यंत्र चारी बाजूंनी बघितलं.

"जुन्या फोनची वायर कोठून येते?"

"पुण्याहून. खांबांवरून."

"खांबांवर कावळे बसतात?"

"बसतात."

"मग तो ओवळाच. आणि ह्याचा आवाज?"

"हवेतून येतो, शास्त्रीबुवा."

"वायू शुद्ध."

"पण देवघरापर्यंतचे बाराशे किलोमीटर वायरच अहे," मी प्रामाणिकपणे म्हटलं. प्रामाणिकपणा मला नको तिथे सुचतो.

"गंगेत कायकाय मिसळतं ते बघतो का आपण? लोट्यातलं बघतो. शेवटचा टप्पा वायूचा, तर आवाज वायूचा." त्यांनी हँडसेटकडे बोट दाखवलं. "हे मात्र कोणीकोणी हाताळलेलं. सोवळ्यात शिवायचं असेल तर रेशमातून. रेशमाला विटाळ नाही."

बेस देवघरात बसला. दुसऱ्या दिवशी त्याच्या एरियलला गंध लागलं आणि तिसऱ्या दिवशी फूल. आता हँडसेट स्वयंपाकघरात, विहिरीवर, गोठ्यात गाईच्या तोंडाशी धरला तरी डायल टोन स्वच्छ यायचा.

अम्माने पेटी उघडून लग्नातलं रेशमी लुगडं काढलं. तीस वर्षांत रेशीम जागोजागी विरलं होतं. शाबूत होता तो पदर, हातभर रुंद, खऱ्या चांदीच्या जरीचा. त्याची तिने हँडसेटच्या मापाची पिशवी शिवली, आतून-बाहेरून जरीच जरी. पिशवी धुऊन, वाळवून स्वयंपाकघराच्या खुंटीला लागली आणि त्या क्षणापासून ती सोवळ्याची झाली. मी तिला हात लावायचा नाही. रविवारी अम्मा पिशवीचं तोंड उघडं धरेल, मी हँडसेट एरियलला धरून वरून आत सोडेन.

आठवडाभर मी रोज दुपारी हँडसेट घेऊन रगड्यापाशी उभा राहून तपासलं. टोन इतका स्वच्छ की त्यावर इडली उकडावी.

रविवारी नऊ वाजता घंटी वाजली. अम्माने पिशवी उघडली, मी हँडसेट आत सोडला, तिने रेशमावरूनच बटण दाबलं आणि कानाला लावलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती ऐकत होती, ऐकत होती, मग तिने पिशवी खाली घेतली.

"समुद्र अहे," ती म्हणाली.

मी ओटीवर जुन्या फोनकडे धावलो. अक्का ओरडत होती, "अम्मा? अम्मा अहेस का?" मी म्हटलं, "मी अहे." ती म्हणाली, "हं." त्या 'हं'मध्ये काय होतं ते मी आत नेलं नाही.

दुपारी सोवळं सुटल्यावर मी हँडसेट काढून घेतला, रगड्यापाशी गेलो. टोन स्वच्छ. मग माझ्या लक्षात आलं की दोष पितळेचा. स्वयंपाकघरात अम्माच्या लग्नातली पितळेची भांडी भिंतीला लागून रचलेली. धातू लहरी अडवतो, हे मला पुस्तकात पान क्रमांकासह आठवलं. मी हंडे, घंगाळं, परात, तपेली अशी त्रेचाळीस भांडी एकेक करून गोठ्यात नेली. गाय तीन दिवस त्यांच्यात स्वतःला बघत उभी होती आणि दूध कमी झालं.

बुधवारी दुपारी घंटी वाजली. भावोजींचा फोन, बालकृष्णरावांचा. आडदिवशी फोन म्हणजे कुलूप उघडलं, म्हणजे काहीतरी झालं. मुलगी झाली होती. दोघी बऱ्या होत्या. अम्मा पाणी आणायला विहिरीवर होती. मी विहिरीपर्यंत धावलो आणि सांगितलं. तिने दोर सोडून दिला आणि हात जोडले. दोराबरोबर कळशी आत गेली, ती आम्ही संध्याकाळी गळाने काढली.

"मग आपल्याला सोहेर किती दिवसांचं?" अम्माने कूडममध्ये येऊन अप्पांना विचारलं. सोहेर म्हणजे घरात मूल जन्मलं की घरच्यांना लागणारा विटाळ. सोवळं बंद, देवपूजा बंद.

"आपल्याला कसाला?" अप्पा म्हणाले. "इथं बाळंत झाली असती तर तीन दिवस. तिथं झाली, ते सोहेर त्यांचं. शास्त्रीबुवांना विचार पाहिजे तर."

तिने विचारलं. शास्त्रीबुवा म्हणाले, "लेक दिली, तिचं सोहेरही दिलं." सुटलो म्हणून माणसं अशा वेळी खूश होतात. अम्मा म्हणाली, "बरं," आणि डाळ भिजत घालायला गेली. त्या संध्याकाळी तिने फाडलेली दुपटी काढून पुन्हा घड्या घातल्या. अगोदरच्या घड्या नीट होत्या.

बुधवारपासून पाचवा दिवस रविवार. नऊ वाजता घंटी, पिशवी, बटण. पुन्हा समुद्र. आता पितळही नव्हतं. मी ओटीकडे धावता धावता मागे वळून ओरडून विचारलं, "अम्मा, हिरवा दिवा लागलाय का?"

दिवा बघायला तिने पिशवीचं तोंड खाली ओढलं. हँडसेट एरियलसकट अर्धा वर आला, आणि त्यातून भर स्वयंपाकघरात अक्का म्हणाली, "अम्मा!"

अम्मा इतकी दचकली की हातातून पिशवीचं तोंड सुटलं. हँडसेट परत आत. समुद्र.

मी उंबऱ्यापाशी पोचलो तेव्हा ती पिशवीकडे बघत उभी होती. "हाक मारली रे तिनं मला," ती म्हणाली. "एकदाच मारली."

आणि मला जरी दिसली. आठवडाभर मी पिशवीशिवाय तपासत होतो, कारण पिशवी मला शिवायची नव्हती. आणि रविवारी आम्ही एका रेडिओला चांदीच्या तारांच्या पिशवीत कोंडून तो बोलत का नाही म्हणून रुसत होतो. त्रेचाळीस भांडी निर्दोष होती.

"अम्मा, जरी आवाज अडवते. फोन बाहेर काढ, हातात धर. पाच मिनिटं उरलीत."

तिने चुलीकडे बघितलं. चुलीवर नैवेद्याचं पायसम होतं. तिने हात पुढे केला, पिशवीच्या तोंडापर्यंत. मग तिने हात मागे घेतला आणि पदराला पुसला, जणू कशाला तरी लागून आला होता.

"देवाचं व्हायचं अहे अजून," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी."

पुढचा रविवार म्हणजे बारावा दिवस. बारसं.

मी बिनजरीच्या रेशमासाठी सौराष्ट्री विणकरांच्या गल्लीत गेलो. एका म्हाताऱ्या विणकराने मागावरून मान वर केली. "जरीशिवाय? कोणासाठी? संन्यासी अहे का कोणी घरात?"

"फोनसाठी," मी म्हटलं.

त्याने हात थांबवला, थोडा विचार केला. "फोनचा रंग काय?"

"काळा."

"मग पिवळं न्या. शोभेल."

पिवळी पिशवी झाली. या वेळी अम्माच्या हातातच, माझ्यासमोर, शनिवारी सोवळ्यात तपासली. टोन आला. अम्माने तो बराच वेळ ऐकला आणि म्हणाली, "सूर खाली अहे, पण हलत नाही. चांगला अहे."

बाराव्या दिवशी अम्माने डाळ-तांदूळ रगड्यात टाकून ठेवले, वर खिळ्याला पिवळी पिशवी टांगली. सासऱ्यांनी नातीच्या बारशानिमित्त कुलूप वीस मिनिटं उघडं ठेवायचं कबूल केलं होतं; पाच मिनिटं आशीर्वादाची. मी उंबऱ्याबाहेर. अप्पा आरामखुर्चीत, पण खुर्ची मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ओढत आणली होती, प्लॅस्टरसकट.

घंटी वाजली. अम्माने बटण दाबलं आणि कान लावायच्या अगोदरच दगड फिरवायला घेतला, जणू थांबली तर गाणं येणार नाही. तेही खरंच होतं.

पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. दगडाची घरघर आणि त्यावर अम्माचा आवाज. तिचा आवाज गोड आहे असं कोणी कधी म्हटलं नाही; तो पाण्यासारखा आहे, चव नसते आणि त्याच्यावाचून चालत नाही. सातवं गेलं. आठवं. पिशवीतून पुण्याच्या बायकांची कुजबुज येत होती, ती थांबली. नववं कडवं निम्मं झालं आणि पिशवीत मूल रडलं.

कान लावायची गरजच नव्हती. बारा दिवसांचं मूल रडतं तेव्हा जरीचंसुद्धा काही चाललं नसतं.

दगड थांबला. अम्मा उठली. पिठाने भरलेला हात तिने पिशवीत घातला आणि हँडसेट बाहेर काढला. रेशमातून नाही. हाताने. आणि कानाला लावला.

अप्पा म्हणाले, "अगे…"

अम्मा ऐकत होती. पीठ तिच्या कानावरून गळ्यावर ओघळत होतं. मग ती माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "सेतू, तिला सांग, मी ऐकतेय म्हणून."

"तूच सांग, अम्मा. ती फोनवर अहे."

"हो का," अम्मा म्हणाली. अडीच वर्षांची सवय. मग फोनमध्ये म्हणाली, "विजी, मी अहे गं." त्यानंतर फक्त ते मूल बोलत होतं.

"अम्मा, थांबलं की गाणं," पलीकडून अक्काचा बारीक आवाज आला. "पुढचं म्हण की. ही ऐकत होती. तू थांबलीस म्हणून वाढलं रडणं."

अम्माने रगड्याकडे बघितलं. एका हातात फोन. एका हाताने तो दगड फिरत नाही. आणि दगडाशिवाय गाणं नाही.

मी उंबरा ओलांडला. सोवळं तसंही मोडलं होतं, ते पीठ तसंही आता देवाचं राहिलं नव्हतं. मी रगड्यासमोर बसलो, दगडाची मूठ धरली आणि फिरवली.

"उलटा फिरवतोस," अम्मा म्हणाली.

मी सुलटा फिरवला.

"जड झालं? हळू. अजून हळू. हं."

आणि तिने पहिल्यापासून सुरुवात केली. मी दगड फिरवत होतो, ती फोन छातीशी आणि तोंड फोनशी धरून म्हणत होती. चौथ्या कडव्याला मूल मुसमुसायला लागलं, सहाव्याला थांबलं. आठव्या कडव्यापासून अक्का मागून म्हणत होती, एकेक ओळ, अर्धा श्वास उशिरा. नववं, दहावं. अकराव्या कडव्याला माझ्या हाताला फोड आला. ते संपलं तेव्हा पलीकडे कोणीतरी जरबेचं, पुणेरी, म्हातारं खाकरलं. अक्का घाईने म्हणाली, "अम्मा, ठेवते. अम्मा, नाव…" आणि खट्ट. कुलूप.

नाव काय ठेवलं ते आम्हाला पुढच्या रविवारी कळलं.

अम्माने फोन ठेवला नाही. तो तसाच धरून ती चुलीपाशी गेली, चूल विझवली आणि वळली.

"मला सोहेर लागलं," ती म्हणाली. "आजपासून तीन दिवस. स्वयंपाक तुम्ही दोघं बघा. देवाला नुसतं फूल घाला."

"लागलं कसं?" अप्पा खुर्चीत ताठ झाले. "सोहेर त्यांचं. आणि त्यांचंसुद्धा दहाव्या दिवशी फिटलं. बाराव्या दिवशी सुरू होणारं सोहेर ऐकलंय कोणी?"

"बातमी उशिरा पोचली, तर उशिरा धरतात."

"बातमी बुधवारी पोचली! हा सेतू विहिरीपर्यंत ओरडत गेला होता."

"ते सेतूनं सांगिटलं." तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. "सेतू पुष्कळ सांगतो. पोर मी आज ऐकली."

"पण जन्मली तिथं ना, अगे! घरात जन्मली तर लागतं."

"घरात रडली ना?" अम्मा म्हणाली. "ह्या घरात, ह्या रगड्यापाशी रडली. तुम्ही पण ऐकलं की. घरात बारा दिवसांचं पोर रडलं आणि घराला सोहेर नाही म्हणता?"

अप्पा माझ्याकडे वळले. ते चाळीस वर्षं शाळेत तर्कशुद्ध लेखन शिकवत होते. ते म्हणाले, "सेतू, भात किती पाण्यात लावतात?"

त्या तीन दिवसांत आम्ही वीस माणसांच्या पिठाचे डोसे खाल्ले. वैद्यनाथशास्त्र्यांना काही सांगितलं नाही. ते आले तेव्हा अप्पांनी त्यांना ओटीवरच शास्त्रचर्चेत अडकवलं आणि मुद्दाम हरत राहिले.

अम्मा त्या दुपारी न्हाऊन विहिरीलगतच्या छोट्या, बाळंतिणीच्या खोलीत गेली. एरवी तिथे भाताची पोती असायची. ती पोती कधी हलवली, खोली तिने केव्हा सारवून घेतली, मला कळलं नव्हतं. खाट होती, आणि खाटेवर अंथरूण, एकीचं नाही, दोघींचं. दुपट्यांची चळत उशाशी. अम्मा खाटेच्या कडेला बसली, मधली जागा मोकळी सोडून.

मी उंबऱ्याशी घुटमळलो. हँडसेट अजून तिच्या हातात होता. पुण्याचं कुलूप रविवारपर्यंत उघडणार नव्हतं, हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं.

"इथपर्यंत पोचतं का रे ते?" तिने विचारलं.

"पोचतं, अम्मा. गोठ्यापर्यंत पोचतं."

"बरं." तिने हँडसेट अंथरुणावर ठेवला आणि एक दुपटं ओढून त्याच्यावर घातलं. "मग दार ओढून घे. वारं लागेल तिला."